माळ्यावरचं काडतुसाचं यंत्र सापडलं, आता घरी काडतुसं भरू का?

प्रश्न थोडक्यात असा. सदाशिव पेठेतला वाडा रिकामा करताना माळ्यावर आजोबांची शिसवी पेटी निघाली. तीत टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, हँडल फिरवायचं पितळी यंत्र आहे. एक लाकडी दट्ट्या आहे, दांड्याचं सरकतं माप आहे आणि नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, गोल चकत्यांनी भरलेला डबा आहे. शिवाय वीसेक रिकामी कागदी काडतुसं आणि आठ भरलेली. घरात बारा बोअरची जुनी दुनळी आहे, परवाना वडिलांच्या नावावर. विकतची काडतुसं महाग पडतात. अमेरिकेतले लोक व्हिडिओत आपल्या गॅरेजमध्ये काडतुसं भरताना दिसतात. नमदा तर पुण्यातही मिळतो. मग घरी भरायला काय हरकत आहे?

आधी उत्तर देतो, कारण मग सांगतो. भरू नका. एकही भरू नका, गंमत म्हणूनसुद्धा नको. आणि ती आठ भरलेली काडतुसं आजपासून कोणी हाताळू नयेत. त्यांचं काय करायचं ते पुढे लिहिलं आहे.

मी पस्तीस वर्षं परवाना घेऊन बंदूकदुरुस्तीचं काम करतो आहे. तुमच्यासारखी पेटी घेऊन येणारे लोक दर दोन-तीन वर्षांनी भेटतात. त्यांना नुसतं "नको" म्हटलं की ते निमूट घरी जातात आणि पुन्हा व्हिडिओ बघत बसतात. म्हणून त्या पेटीतली प्रत्येक वस्तू काय काम करते ते नीट सांगतो. ते एकदा समजलं की मी नको का म्हणतो ते वेगळं सांगावं लागणार नाही.

जुन्या कागदी काडतुसाची रचना बुडापासून बघा. बुडाला पितळेची वाटी, तिच्या मधोमध टोपी (ठोका बसला की दारू पेटवणारी), आणि वाटीत बसवलेली मेणात मुरवलेल्या कागदाची नळी. नळीत सगळ्यात खाली दारू. दारूवर कडक पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर चरबी लावलेली जाड नमद्याची चकती, मग पुन्हा एक पातळ पुठ्ठा, मग छर्रे, आणि छर्ऱ्यांवर अगदी पातळ झाकणपुठ्ठा. शेवटी नळीचं तोंड आत मुरडलेलं.

हे थर कोणी हौसेनं लावलेले नाहीत. दारूवरचा कडक पुठ्ठा गॅस अडवतो आणि नमद्याची चरबी दारूत उतरू देत नाही. नमदा नळीच्या भिंतीला घट्ट टेकून गॅस मागे धरतो, छर्ऱ्यांना बसणारा पहिला दणका थोडा पोटात घेतो आणि जाता जाता बॅरलमधली काजळी पुसत नेतो. त्यावरचा पातळ पुठ्ठा नसेल तर चरबीला छर्रे चिकटतात आणि त्यांचा गठ्ठा होऊन बाहेर पडतो. आणखी एक काम आहे, ते कोणाच्या लक्षात येत नाही. नमदा उंची भरून काढतो. दारू आणि छर्रे मिळून नळी जितकी भरते आणि तोंड मुरडायला जितका कागद मोकळा लागतो, त्यामधली जागा नमद्याच्या जाडीनं बरोबर जुळवावी लागते. आजोबांच्या डब्यात वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या असतील तर त्या याचसाठी.

आता ते यंत्र. माझ्या उस्तादांकडे अगदी असंच होतं. शिकाऊ असताना त्यांनी मला त्यावर निर्जीव काडतूस करायला लावलं होतं. वाजलेली टोपी, दारूच्या जागी लाकडाचा भुसा, छर्ऱ्यांच्या जागी मसूर. भरलेली नळी यंत्राच्या खोबणीत आडवी ठेवायची, डाव्या हातानं मागचा दांडा रेटून तिचं तोंड फिरत्या साच्यात न्यायचं आणि उजव्या हातानं हँडल फिरवायचं. साच्याच्या आत बारीक खुंट्या असतात. त्या कागदाची कड पकडतात, घर्षणानं मेण ऊबदार होतं आणि कड आत वळत वळत झाकणपुठ्ठ्यावर येऊन बसते. हुबेहूब करंजीची मुरड. दोन-चार फेऱ्यांनी हँडल जड झालं की थांबायचं. मी थांबलो नाही, तर नळी मधेच चुरगळली आणि मसूर टेबलभर झाली. दुसऱ्या वेळी घाबरून दाब कमी दिला, तर मुरड ढिली राहिली आणि अंगठ्यानं दाबताच झाकण आत गेलं. उस्तादांनी दोन्ही नळ्या माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, "यात भुशाऐवजी दारू असती तर कुठली जास्त वाईट?" मी म्हटलं, चुरगळलेली. ते म्हणाले, दोन्ही.

ते समजायला दारूचा फरक समजावा लागतो. तुमच्या सगळ्या प्रश्नाचा जीव तिथे आहे.

काळी दारू मोकळी जळो की कोंडून, तिच्या जळण्याच्या वेगात त्या मानानं थोडाच फरक पडतो. माप थोडं चुकलं, नमदा थोडा पातळ निघाला, मुरड कमीजास्त झाली, तरी ती चूक पोटात घालते. म्हणूनच जुने लोक चमच्यासारख्या मापानं दारू मोजून कंदिलाच्या उजेडात काडतुसं भरत आणि बहुतेकांची बोटं शाबूत राहत. बिनधुराची दारू, जिला नायट्रो म्हणतात, तिचा स्वभाव उलटा. दाब वाढला की ती जास्त वेगानं जळते, आणि जास्त वेगानं जळली की दाब आणखी वाढतो. मुरड घट्ट झाली, वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधल्या चकत्या) कडक निघाली, टोपी जास्त तेज निघाली, छर्रे थोडे जास्त पडले, की प्रत्येक गोष्ट त्या चक्राला एक ढकलणी देते. आणि मुरड ढिली राहिली तर ते चक्र सुरूच होत नाही. दारू अर्धवट जळते, "फुस्स" असा मेलेला आवाज येतो आणि वॅड बॅरलमध्येच अडकून बसते. पुढचं काडतूस त्या अडकलेल्या वॅडमागे उडतं. उस्तादांच्या "दोन्ही"चा अर्थ हा होता.

अशी एक दुनळी माझ्याकडे आली होती. गृहस्थ म्हणाले, डावं बॅरल "जरा वेगळं वाजतं". मी बंदूक उघडून बॅरल खिडकीकडे धरलं आणि आतून बघितलं. चांगल्या बॅरलमध्ये खिडकीच्या चौकटीची सावली एका सरळ रेषेत आतपर्यंत जाते. इथे चेंबरपासून (काडतूस बसतं त्या मागच्या भागापासून) वीतभर अंतरावर ती रेषा तुटली होती आणि काळसर कडं दिसत होतं. बाहेरून अंगठा फिरवला तर त्याच जागी फुगवटा लागला, केसाएवढा, पण सगळीकडून सारखा. घरी भरलेलं काडतूस फुसकं निघालं होतं, आणि त्यांनी आत न बघता दुसरं घातलं होतं. बॅरल फाटलं नाही हे त्यांचं नशीब. पण ती बंदूक पुन्हा कधी वाजली नाही. मीच वाजवू दिली नाही.

आता ते माप. त्या पेटीतली सगळ्यात घातक वस्तू तीच आहे, आणि दिसायला सगळ्यात निरुपद्रवी. त्यावर ३, ३¼ असे आकडे असतील. ते ड्रॅम आहेत, काळ्या दारूचे. एक ड्रॅम म्हणजे सुमारे १.७७ ग्रॅम, म्हणजे तीन ड्रॅम म्हणजे सव्वापाच ग्रॅमच्या आसपास काळी दारू. बारा बोअरच्या आजच्या काडतुसात बिनधुराची दारू साधारण एक ते दोन ग्रॅम असते. तेच माप भरून कोणी नायट्रो ओतली तर काय होईल ते लिहायची गरज नाही. जगभरात जुन्या बंदुका फुटल्याच्या कहाण्यांमध्ये ही चूक पुन्हा पुन्हा सापडते. त्यात भर म्हणजे अमेरिकी खोक्यांवर अजूनही "ड्रॅम इक्विव्हॅलंट" छापतात. तो आतल्या दारूच्या वजनाचा आकडा नसतो, काळ्या दारूच्या तुलनेत काडतुसाचा जोर किती एवढंच तो सांगतो. मापाच्या दुसऱ्या तोंडावर छर्ऱ्यांसाठी १⅛ औंसाची खूण असली तर ते जवळजवळ ३२ ग्रॅम होतात. ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये आज २४ ग्रॅमची मर्यादा आहे. आजोबांचा काळ शिकारीचा होता, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीचा, त्यामुळे भरणाही त्या हिशोबाचा.

व्हिडिओत तुम्ही जी काडतुसं पाहिलीत त्यांचं तोंड असं मुरडलेलं नसतं. प्लॅस्टिकच्या नळीला सहा किंवा आठ चुण्या पाडून त्या मध्यावर मिटवलेल्या असतात, उकडीच्या मोदकाच्या कळ्या जुळवाव्यात तशा. त्यात वरचा झाकणपुठ्ठा लागत नाही. हा बदल चांगल्या कारणानं आला. जुनं झाकण छर्ऱ्यांच्या पुढे उडत असे आणि कधी त्यांच्या वाटेत येऊन मधे भोक पाडत असे. मोठ्या कागदावर चाळीस यार्डांवरून बार काढला तर कडेनं दाट आणि मधे रिकामं, अशी मेदूवड्यासारखी आकृती उमटायची. मोदकाच्या कळ्यांना मात्र मुरडीच्या जवळजवळ दुप्पट कागद किंवा प्लॅस्टिक लागतं. मुरडीला सहा मिलिमीटरच्या आसपास पुरतं, कळ्यांना बारा-तेरा लागतं.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या दुनळीसाठी ती विकतच्या काडतुसांनाही लागू आहे. काडतुसाची लांबी मोजतात ती वाजल्यानंतर उघडलेल्या नळीची. कळ्या मिटलेलं ७० मिलिमीटरचं काडतूस न वाजलेलं असताना आखूड दिसतं, साधारण ५८ मिलिमीटर. त्यामुळे ६५ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच इंची जुन्या चेंबरमध्ये ते सुरळीत बसतं. बसलं म्हणजे चालतं असं नाही. वाजताना कळ्या उघडतात आणि पुढच्या निमुळत्या भागात घुसतात, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. आजच्या साध्या बारा बोअरसाठी युरोपात कमाल सरासरी दाब ७४० बार (बार हे दाबाचं एकक) धरतात. काळ्या दारूसाठी बनलेलं बॅरल त्या हिशोबानं बनलेलंच नसतं. बॅरलवर लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असेल तर ते दमास्कस बॅरल असू शकतं, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेलं. बॅरलच्या बुडाखालच्या सपाट भागावरचे ठसे मी बघेन तेव्हाच चेंबर किती आणि नायट्रोची चाचणी झाली होती का ते कळेल. तोपर्यंत विकतचं काडतूससुद्धा त्यात घालू नका.

रिकाम्या नळ्यांबद्दल थोडक्यात. कागद साठ-सत्तर वर्षांचा झालेला असणार. पुण्यातल्या पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि दरवर्षी थोडा थोडा बुडाच्या वाटीपासून सुटत जातो. नमद्याला कसर लागते. डबा उघडाल तेव्हा चकत्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसतील. अशी चकती गॅस धरत नाही. जुन्या टोप्यांमध्ये पारा असायचा, तो पितळ ठिसूळ करतो. दुसऱ्या प्रकारच्या टोप्यांची राख मिठासारखी ओलावा ओढून बॅरल गंजवायची. म्हणून आजोबा बार काढून आले की बंदूक आधी गरम पाण्यानं धुवायचे, असं घरातल्या कोणाला आठवत असेल तर ते अगदी बरोबर आहे.

बाजारातला नमदा कापून चकत्या करायचं म्हणता. नमदा कोणता, किती दाबलेला, लोकर किती आणि कृत्रिम धागा किती, यावर तो किती चेपेल ते ठरतं, आणि किती चेपेल त्यावर दाब. ज्या देशांत हे काम कायद्यानं चालतं तिथले जाणते भरणारे दारू, टोपी, नळी, वॅड, छर्रे आणि क्रिम्प (तोंड मिटवायची पद्धत) असा सहाचा संच छापील तक्त्यातून जसाच्या तसा उचलतात. त्यातली एकही वस्तू आपल्या मनानं बदलत नाहीत. तो तक्ता प्रयोगशाळेत दाबमापक बॅरलवर वाजवून केलेला असतो. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण तक्ता बघण्यात बघण्यासारखं काही नसतं.

आता कायदा. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला वेगळा परवाना मागतं. वडिलांचा परवाना बाळगण्याचा आहे. बाळगण्याचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे. २०१९च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दारू आणि टोप्या परवान्याशिवाय सुट्या मिळतही नाहीत. त्यामुळे पैसे वाचण्याचा प्रश्न तिथेच संपतो. किरकोळ सुट्या भागांना, जे जोडून वापरायचा हेतू नाही अशांना, कायद्यात सवलत आहे. पण हेतू बदलला की सवलत गेली. आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणून ते पितळी यंत्र "शोभेची वस्तू" समजून दिवाणखान्यात मांडू नका, आणि जुन्या बाजारात तर मुळीच विकू नका.

असं करा. वडिलांचा परवाना बाहेर काढा आणि त्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगता येतात, किती घेतल्याची नोंद आहे ते बघा. ही आठ त्या नोंदीत बसणार नाहीत, हे धरूनच चाला. ती काडतुसं आहेत त्याच पेटीत, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी कुलपात ठेवा. उघडून बघू नका, विस्तवाजवळ नको, नदीत किंवा कचऱ्यात नको. जवळच्या पोलीस ठाण्यात वडिलांनी आधी फोन करावा, मग लेखी अर्ज द्यावा. अर्जात वाड्याचा पत्ता, सापडल्याची तारीख, आठ भरलेली, वीस रिकामी आणि यंत्र, माप, चकत्या असं सगळं वेगवेगळं लिहावं. काडतुसं कोणी आणि कशी आणायची ते त्यांना विचारून ठरवा, आपण होऊन पिशवीत घालून रिक्षानं जाऊ नका. कायद्याप्रमाणे अशी वस्तू ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. जमा केल्याची पावती घ्या आणि जपा. यंत्र आठवण म्हणून ठेवायचं असेल तर तेही त्याच अर्जात विचारा. शहराचं परवाना प्राधिकरण पोलीस आयुक्त आहेत, तिथून लेखी उत्तर आलं की पुढच्या पिढीला पुन्हा हाच प्रश्न पडणार नाही.

आणि काडतुसांच्या किमतीचं दुखणं खरं आहे, ते मी उडवून लावत नाही. पण तुमच्या वाड्यापासून काही किलोमीटरवर खडकीला १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना आहे. तिथे बारा बोअरची काडतुसं बनतात. त्यांची प्रत्येक खेप दाब मोजून बाहेर पडते. घरच्या टेबलावर हीच एक गोष्ट कधीच करता येत नाही. बंदुकीचं चेंबर ७० मिलिमीटरचं आणि बॅरल नायट्रोचं निघालं, तर वर्षाला पंचवीस काडतुसं नीट साठवून, रेंजवर जाऊन वापरा. नाही निघालं, तर बंदूक वाजवायचा विचार सोडा आणि ती तेल लावून जपा. छर्रे हाताळलेत तर साबणानं हात धुवा, शिसं आहे ते.

बंदूक तपासायला आणाल तेव्हा ती वडिलांनीच आणायची, मूळ परवान्यासह, उघडून रिकामी आहे याची खात्री करून, कव्हरमध्ये. पोलिसांकडून उत्तर आलेलं असेल तर यंत्रही त्यांच्याच हातून येऊ दे. माझ्याकडे अजून थोडा भुसा आणि मसूर आहे. आजोबांची मुरड कशी पडायची ते तुम्हाला समोर करून दाखवतो.